इनास नसलेली मॅच

यंदाच्या नाताळ अंकासाठी संपादकांचं पत्र आलं. "मास्तर, तुमच्या हाताखालून एवढे खेळाडू गेले, त्यांच्या एखाद्या मोठ्या विजयाबद्दल लिहा." मी दोन दिवस आठवत बसलो. विजय पुष्कळ आठवले, पण त्यांच्यात सांगण्यासारखं काही सापडेना. जिंकलेल्या मॅचनंतर लोक आपापल्या घरी जाऊन जेवतात, कोणी कोणाला काही विचारत नाही. हरलेली मॅच मात्र माणूस वर्षानुवर्षं पुन्हा खेळत राहतो. तेव्हा संपादकांची क्षमा मागून, मी आमच्या मैदानावर साफ हरलेल्या एका मॅचबद्दल लिहितो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट.

मी उत्तनच्या शाळेत कवायत मास्तर होतो. हे काम काय असतं ते आताच्या मुलांना सांगावं लागेल. सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला रांगेत उभं करायचं, सावधान-विश्राम करायचं, हातपाय हलवायला लावायचे, कोणाची नखं वाढलीत, कोणाच्या सदऱ्याला गुंड्या नाहीत ते पाहायचं. बाकीचे मास्तर डोक्यात काहीतरी भरतात, कवायत मास्तर ते डोकं मानेवर सरळ ठेवतो, असं मी म्हणत असे. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची दाराजवळ होती आणि तिचा एक पाय आखूड होता. त्यावरून माझा मान किती होता ते समजून घ्या.

माझा सगळा भर शांततेवर. रांगेत उभं राहिल्यावर बोलायचं नाही. 'सावधान' म्हटल्यावर डोळ्याची पापणीसुद्धा माझ्या परवानगीनं लवायला हवी. मी मूळचा वसईकडचा, केळीच्या वाडीतला माणूस. आमच्याकडे सगळे हळू बोलतात. उत्तन-पालीची मुलं पडली दर्यावरची, वाऱ्याच्या वर आवाज चढवायची सवय असलेली. शेजारी बसलेल्याला पाटी मागायची तरी शेजारच्या गावाला ऐकू जायचं. त्यांना गप्प करायला मला तीन वर्षं लागली, आणि खोटं कशाला सांगू, त्याचा मला अभिमान होता.

त्यांच्या भाषेनं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. आमची मुलं रांगेत उत्तरेला तोंड करून उभी राहत. डाव्या हाताला दर्या, उजव्या हाताला खाडी. 'डावीकडे वळ' म्हटलं की सगळी झटकन वळायची, एकही चुकायचा नाही. मी खूश. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी आधी मुलांना पाठमोरं फिरवलं आणि मग म्हणाले, "डावीकडे वळ." सगळी शाळा एका दमात उजवीकडे वळली. साहेबांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मुलांनी डावं म्हणजे दर्या हे पक्कं केलं होतं, मग तोंड कुठेही असो. साहेब मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या मुलांचा डावा हात पाण्यात असतो का?" शिक्षकांच्या खोलीत पुढे महिनाभर हेच चाललं होतं.

शाळा सुटल्यावर मी गावच्या फुटबॉलच्या टीमचा मास्तर. पगार नाही, पण फादरांनी सांगितलं होतं आणि मलाही आवड होती. भाताची कापणी झाली की देवळामागची, म्हणजे चर्चमागची, शेतं मोकळी व्हायची. मधले दोन बांध फोडून सारखे केले की झालं मैदान. पोरं अनवाणी खेळायची. कापलेल्या भाताचे खुंट तळपायाला टोचायचे, म्हणून आमची पोरं उंच उड्या मारत पळतात असं शेजारचे गोराईवाले म्हणायचे. टीममध्ये सगळ्या तऱ्हेचे लोक होते. शेतीवाले, ताडी काढणारे, देवळात घंटा वाजवणारा एक, आणि तीन दर्यावर जाणारे.

आता थोडं खेळाबद्दल, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. त्या काळी गोलकीपरच्या पुढे दोन बॅक असत, त्यांच्या पुढे तीन हाफ आणि सर्वांत पुढे पाच जण. म्हणजे गोल राखायला खरे दोघेच. पण त्या दोघांच्या हातात एक हत्यार होतं, ऑफसाइडचं. साध्या शब्दांत सांगतो. समोरच्या टीमचा गडी आपल्या गोलाकडे पुढे आलेला आहे. त्याच्या सोबत्यानं त्याच्याकडे चेंडू मारला, त्या क्षणी त्याच्या आणि गोलाच्या मध्ये आपली निदान दोन माणसं असायला हवीत. एक तर गोलकीपर असतोच, दुसरा कोणीतरी बॅक. चेंडू सुटायच्या आधी दोन्ही बॅक दोन पावलं पुढे सरकले, तर तो गडी एकटा मागे उरतो आणि पंच शिट्टी देतो. दोघांनी एकदम सरकायला हवं. एक सरकला आणि एक राहिला, तर जो राहिला तो समोरच्याला दार उघडून देतो.

आमचे दोन बॅक म्हणजे बस्त्याव आणि इनास. दोघेही शेजारच्या पाली या मच्छीमार गावचे.

बस्त्याव सहा फुटांच्या वर होता. त्याची लाथ बसली की चेंडू गोलापासून निघून पार पलीकडच्या बांधावर जायचा आणि बायका डोक्यावरच्या पाट्या सांभाळत बाजूला व्हायच्या. पण हा एवढा गडी होडीत पाय ठेवू शकत नव्हता. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यात त्यांची होडी उलटली, आणि एक पूर्ण भरती तो फळीला धरून पाण्यात होता. दुसऱ्या होडीनं त्याला उचललं तेव्हा त्याची बोटं फळीवरून एकेक करून सोडवावी लागली. त्यानंतर तो किनाऱ्यापर्यंत यायचा, पाणी घोट्याला लागलं की मागे फिरायचा. पालीत दर्यावर न जाणाऱ्या पुरुषाला काय किंमत? तो बायकांबरोबर बोंबील वाळत घालायचा. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण त्याच्याशी बोलताना आवाज जरा मऊ करत, आणि ते जास्त वाईट होतं. ताठ मानेनं उभा राहिलेला बस्त्याव मी फक्त मैदानावर पाहिला.

इनास त्याच्या खांद्याला लागेल एवढा. वडिलांच्या डोळ्यांत मोती पडल्यामुळे तो लहान वयातच तांडेल झाला होता. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं ते ठरवणारा. खेळताना चेंडू त्याच्या पायाला फारसा लागायचाच नाही. लागायचं ते तोंड. शिट्टी वाजल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत त्याची बडबड चालू. "धर, धर, धर... सोड!" बस, हेच दोन शब्द, होडीतले. मला त्याचा वैताग यायचा. सरावाला मी त्याला कितीदा मैदानाभोवती पळवला असेन. "इनास, फुटबॉल पायानं खेळतात," असं म्हणायचो. तो हसायचा, पळून यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. आमचा बचाव बस्त्याववर उभा आहे असं मी समजत होतो. साऱ्या गावाचंही तेच मत होतं, आणि इनासचंही असावं, कारण तो स्वतःबद्दल कधी काही बोललाच नाही.

त्या वर्षी नाताळ उरकल्यावर मुंबईच्या एका कारखान्याचं पत्र आलं. त्यांची टीम आमच्याशी खेळायला येणार होती. त्या कारखान्यात खेळणाऱ्या माणसांना कायमची नोकरी मिळे, आणि त्यांना एक धिप्पाड बॅक हवा होता. बस्त्यावचं नाव कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. 'गडी डोळ्यांनी पाहू आणि पसंत पडला तर लगेच नेऊ' असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. जमिनीवरची नोकरी! बस्त्यावला मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यानं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, कारखान्यात फर्शी असते ना?"

"असते की."

"मंग चालंल," तो म्हणाला.

पत्रात दोन शनिवार दिले होते, त्यांतला एक निवडायचा होता. मी पहिला निवडला. चांगलं काम लांबणीवर टाकू नये एवढाच विचार. आतापर्यंतच्या आमच्या मॅचा गोराई-मनोरीच्या पोरांशी व्हायच्या. तारीख दोन्हीकडची पोरंच ठरवत आणि मला येऊन सांगत. ती तारीख दर वेळी कशाच्या आगेमागे पडते याचा मी कधी विचारच केला नव्हता.

पत्राचं उत्तर टपालात टाकून संध्याकाळी मी टीमला रांगेत उभं केलं. सावधान! सगळे ताठ. मी तारीख सांगितली. इनासचं तोंड उघडलं. मी बोट वर केलं, "इनास, रांगेत!" त्यानं तोंड मिटलं. बाकीचे दहा जण पुतळ्यासारखे उभे. अशी रांग मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. समाधानानं पत्र खिशात घातलं आणि फादरांना बातमी द्यायला तसाच निघालो.

मॅचच्या आधीच्या गुरुवारी इनास सरावाला आला नाही. मी रागानं पाली गाठली. त्याच्या दारात जाळं पसरलं होतं आणि तो ते दुरुस्त करत बसला होता. शेजारी त्याचे वडील, नजर कुठेतरी लांब लावून.

"इनास, सराव सोडून हे काय चाललंय?"

"बसा, मास्तर." त्यानं जाळं बाजूला घेतलं. "शनवारी मना येता येनार न्हाय. पुनव हाय."

"मग?"

माझ्या या 'मग'वर म्हातारा हसला. तेव्हा त्या दोघांनी मला जे समजावलं ते पालीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. डोलीचं जाळं म्हणजे मोठी पिशवी. ते भर पाण्यात खुंटांना बांधतात, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत ढकलतो. पुनव-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ जास्त, जाळं भरून येतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी मंद, होड्या किनाऱ्याला आणि माणसं मोकळी. म्हणून मॅचा अष्टमीला. टीममधले दुसरे दोघे दर्यावर जाणारे नुसते खलाशी होते, त्यांच्या जागी होडीत दुसरी माणसं मिळाली असती. तांडेलाच्या जागी कोणाला घेणार? इनास गेला नाही तर होडी जाणार नाही, आणि त्या होडीवर सहा घरं होती.

"पत्रात दोन शनिवार होते," मी हळूच म्हणालो.

इनासनं बोटांवर दिवस मोजले. "दुसरा तं अष्टमीचा व्हता," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे पाहू लागला.

आता तार करायलाही वेळ नव्हता, आणि केली असती तर साहेबांनी येणंच रद्द केलं असतं. मी म्हणालो, "असू दे. बस्त्याव आहे ना."

"मास्तर," इनास उठून माझ्याजवळ आला, "बस्त्यावला कोनीतरी आवाज दिला पायजे. तो बगत न्हाय, आयकतो. त्याचे डोले चेंडूवर असतात, मानसावर नसतात. होडीत पन तसाच व्हता. मागचा दोर त्याच्या हातात, तोंड उलट्या अंगाला. मी न्हायतर बाबा सांगल तसा धरायचा, सांगल तसा सोडायचा. त्याचा हात कवा चुकला न्हाय."

तेव्हा मला कळलं की दोन वर्षं मी ज्याला बडबड म्हणून मैदानाभोवती पळवत होतो, तोच आमचा बचाव होता. समोरच्या गड्याचा पाय चेंडूवर यायच्या आत इनास ओळखायचा. 'धर' म्हणजे आपला माणूस धरून राहा. 'सोड' म्हणजे त्याला तिथेच सोड आणि पुढे सरक. बस्त्यावची ती प्रसिद्ध लाथ म्हणजे इनासनं आधी केलेल्या कामावर मारलेला शिक्का होता. हे मला, खेळाच्या मास्तराला, जाळं विणणाऱ्यानं सांगावं लागलं.

इनासच्या जागी, आवाज द्यायला, मी गोविंदला निवडलं. तो राई गावचा, आमच्याच शाळेत शिकलेला. भाईंदरच्या मिठागरात त्याचे वडील आणि आजोबा कामाला, आणि तोही जायचा. उंच, चपळ, आणि घसा असा की एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला बगळे उडावेत. शुक्रवारी दिवसभर मी त्याला दोन शब्द शिकवले. नेमका क्षणही त्यानं पटकन उचलला. मला जरा धीर आला. आम्ही हे सगळं उभ्या उभ्या केलं, पळवून पाहिलं नाही. बस्त्याव दमायला नको, असा माझा शहाणा विचार.

शनिवारी दुपारी भाईंदर स्टेशनवरून दोन बैलगाड्या भरून कारखान्याची टीम आली. पायात बूट, सगळ्यांचे सदरे एका रंगाचे. त्यांच्याबरोबर एक पारशी साहेब, डोक्यावर टोपी, हातात छत्री. सारा गाव बांधावर जमला होता. पालीचे मात्र म्हातारे, बायका आणि पोरंच. मैदानावरून दर्या दिसायचा. लांबवर शिडं उभी होती.

पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग त्यांचा एक गडी बस्त्याव आणि गोविंदच्या मध्ये घुसून उभा राहिला. मागून त्यांच्या हाफनं पाय उचलला. गोविंद अगदी वेळेवर ओरडला, "सोड!" इनासनंही यापेक्षा अचूक सांगितलं नसतं. बस्त्याव दोन पावलं पुढे सरकला. आमच्या टीमनं ऑफसाइडसाठी हात वर केले. पण शिट्टी वाजलीच नाही. चेंडू त्या गड्याकडे गेला आणि त्यानं आरामात गोल केला.

मी पाहतो तर गोविंद होता तिथेच उभा. पाय फाकवून, दोन्ही हात पुढे केलेले, जसं काही धरून ठेवलंय. पंचांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो मागे उभा होता, म्हणजे ऑफसाइड कसला? पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच. "सोड!", बस्त्याव पुढे, गोविंद खांबासारखा स्थिर, आणि गोल. बस्त्याव गोंधळून हात पसरत होता. त्यानं सांगितलं तसं केलं होतं, आणि तरी लोक त्याच्यावरच ओरडत होते.

मध्यंतरात मी गोविंदचा दंडच धरला. "अरे, 'सोड' म्हणतोस आणि उभा काय राहतोस?"

तो उलट माझ्याकडेच नवलानं बघू लागला. "मास्तर, सोडल्यावर हलाचा नसतंय. उघाडी सोडली का फली धरून उभा राव्हाचा. मानूस हलला तर पानी जास्त येल न् बांध जाल. आजानी मार मार मारून शिकवलाय मना."

उघाडी म्हणजे मिठागरात खाडीचं पाणी घ्यायची झडप. पाणी सोड अशी हाक आली की ती फळी उचलायची आणि कोंडी, म्हणजे मिठाचं खाचर, भरेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्याच्या तीन पिढ्यांचे पाय 'सोड' म्हटलं की रुतून बसत होते. होडीत 'सोड' म्हटलं की दोर सुटतो आणि माणूस त्याच क्षणी हलतो, नाहीतर दोराबरोबर पाण्यात जातो. शब्द एक, पाय दोन तऱ्हेचे. डावं म्हणजे दर्या या प्रकारानं एकदा फजिती झालेला मी, पुन्हा त्याच खड्ड्यात पडलो होतो.

मी घाईघाईनं म्हणालो, "मग 'सोड' म्हणू नकोस. 'चल' म्हण."

हा उपाय आजाराहून वाईट निघाला. दुसऱ्या डावात गोविंद "चल!" म्हणून ओरडला आणि स्वतः वाऱ्यासारखा पुढे गेला. आता बस्त्याव हलेना. 'चल' या शब्दाला त्याच्या पायांत काही जागाच नव्हती. तिसरा गोल झाला. मग गोविंद बिचारा 'चल सोड, सोड चल' असं काहीही ओरडू लागला. बस्त्याव चेंडू पायाशी असतानासुद्धा थबकायला लागला. आणि मी एक गोष्ट पाहिली ती अजून विसरलो नाही. खेळ चालू असताना तो मान वळवून दर्याकडे बघत होता. शिडांकडे. हाक तिकडून येईल असं त्याला वाटत असावं. तेवढ्यात चौथा गोल झाला.

शेवटच्या काही मिनिटांत एकदा, फक्त एकदा, गोविंद "सोड!" म्हणाला आणि दात आवळून स्वतःचे पाय जमिनीतून उपटल्यासारखा पुढे पळाला. दोघं एकदम सरकले. शिट्टी वाजली. ऑफसाइड! बांधावरच्या लोकांनी असा जल्लोष केला की साहेबांना वाटलं आमचा गोल झाला.

मॅच संपल्यावर साहेब छत्री मिटत माझ्याजवळ आले. "मास्तर, वो लंबू अच्छा है, लात में ताकत है. लेकिन सुनता कम है क्या? उसका साथी चिल्लाता है और वो खडा रहता है."

इथे मला बोलायला हवं होतं. साहेब, त्याचे कान साऱ्या तालुक्यात सर्वांत तल्लख आहेत. त्याला आवाज देणारा माणूस आज दर्यावर आहे, आणि तो दर्यावर आहे कारण मी पंचांग न पाहता तारीख दिली. पुढच्या शनिवारी पुन्हा या. एवढं म्हटलं असतं तर फार काय झालं असतं? मुंबईच्या साहेबासमोर माझी अक्कल निघाली असती, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "नाही साहेब, ऐकू येतं त्याला." तेवढंच. साहेबांनी मान हलवली आणि बैलगाडीत बसले. बस्त्याव दहा पावलांवर उभा होता. त्याचे कान तल्लख होते हे मी आत्ताच लिहिलं आहे.

दिवस मावळताना होड्या आल्या. इनासची होडी काठोकाठ भरली होती. तो गुडघाभर पाण्यातूनच ओरडला, "किती?"

"चार," मी म्हणालो.

"आन बस्त्याव?"

मी नकारार्थी मान हलवली. इनासनं पाटी उचलून किनाऱ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतरच्या अष्टमीला इनास सरावाला आला नाही, बस्त्यावही नाही. पुढच्याही अष्टमीला नाही. मी पुन्हा पालीला गेलो, या वेळी न रागावता. भांगाचं पाणी, दर्या तळ्यासारखा. इनासनं होडी अगदी काठाला आणली होती आणि तो तिच्यात उभा होता. बस्त्याव वाळूत, हातात होडीचा दोर, पाण्याकडे पाठ. "धर," इनास म्हणायचा. बस्त्याव धरायचा. "सोड." सोडायचा. मग इनास होडी हातभर मागे न्यायचा आणि बस्त्यावला पाण्यात एक पाऊल मागे यावं लागायचं. त्या दिवशी पाणी घोट्यापर्यंत आलं. पुढच्या अष्टमीला पोटरीपर्यंत. महिन्याच्या दोन अष्टम्या, दर वेळी एखादं पाऊल. मी बाजूला शिट्टी खिशात घालून उभा राहायचो. मला तिथे काही काम नव्हतं.

दर्या पावसासाठी बंद व्हायच्या आधी एका सकाळी कवायत चालू असताना मला शाळेसमोरून इनासची होडी जाताना दिसली. मागच्या दोरावर एक उंच माणूस बसला होता, उलट्या अंगाला तोंड करून. मी 'सावधान' म्हणून विसरलो आणि सगळी शाळा बराच वेळ तशीच ताटकळत राहिली.

आमच्या टीमला मात्र ते दोन बॅक पुन्हा मिळाले नाहीत. त्यांच्या अष्टम्या जाळी दुरुस्त करण्यात जाऊ लागल्या, मग दोघांचीही लग्नं झाली. गोविंद पुढे चांगला खेळाडू झाला, पण 'सोड' हा शब्द त्यानं मैदानावर कधी उच्चारला नाही. मी कारखान्याला पुढे सगळं खरं लिहून पत्र टाकलं. जागा भरल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं.

लढाई संपल्यानंतरच्या एका नाताळात बस्त्याव शाळेत बोंबलाची जुडी घेऊन आला. त्याचा थोरला मुलगा माझ्या रांगेत उभा राहायला लागला होता. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी त्याला सांगून टाकलं. तारीख माझी चूक होती, आणि साहेबासमोर मी गप्प बसलो.

"तारखेचा आमाना ठाव व्हता, मास्तर," तो सहज म्हणाला.

"कोणाला?"

"सगल्यांना. पुनव कोनाला ठाव नसतंय? शेतीवाल्यांना पन ठाव व्हता. तुमी तारीख सांगितली तवाच आमी समजलो, इनास येनार न्हाय."

"अरे, मग कोणीतरी बोलायचं! तुझी नोकरी होती त्यात. तू तरी बोलायचंस!"

बस्त्यावनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, नवल होतं, जसं गोविंदच्या नजरेत मध्यंतरात होतं.

"तुमी सावधान केला व्हता," तो म्हणाला. "विश्राम म्हनालाच न्हाय. तसेच फादरांकडं गेलात."

बस्त्याव उठला. तो बोंबील माझ्या मांडीवर ठेवून, मुलाचा हात धरून निघून गेला.

त्यानंतर नोकरीची आठ वर्षं राहिली होती. त्या आठ वर्षांत कुठलीही तारीख सांगायची झाली की मी आधी विश्राम म्हणायचो, मग तारीख, आणि मग म्हणायचो, "आता बोला, कोणाला काही सांगायचं असेल तर." पहिल्या वर्षी रांगेतून एकही आवाज आला नाही. मी फारच चांगलं शिकवलं होतं.